रॅक एंडचा रोलर पाना: खरी किंमत आवळताना कळते

रॅक एंड म्हणजे स्टिअरिंग रॅकच्या (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकाला आट्यांनी बसलेला, आत बॉल असलेला जोड. त्याचा दांडा रबरी बुटातून, म्हणजे घड्यांच्या आवरणातून, बाहेर येतो आणि टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे चाकाकडच्या जोडात, शिरतो. हा जोड खोलण्यासाठी लांब नळीचा जो रोलर पाना मिळतो, त्याबद्दल हे लिहितो आहे. बहुतेक जण तो गच्च बसलेला जोड सुटावा म्हणून घेतात. खोलायला तो चांगलाच आहे, पण पाइप पान्यानेही जुना रॅक एंड कसाबसा निघतोच, कारण तो भंगारातच जायचा असतो. नवा रॅक एंड मात्र पाइप पान्याने मोजून आवळता येत नाही, वर त्याच्या अंगावर दातांचे ओरखडे पडतात. रोलर पाना घ्यायचा तो या कामासाठी.

घेण्याआधी दोष खरंच रॅक एंडमध्ये आहे का ते बघा. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. मागच्या चाकांना अडण्या लावा. आता चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी बूट चिमटीत धरून आतला जोड चाचपायला सांगा. चाक हलतं आणि बुटाच्या आत ठक्क लागतं, तर रॅक एंड गेला. बाहेरच्या टोकाला ठक्क लागलं तर टाय रॉड एंड गेला. तो साध्या पान्यांनी बदलतो, या साधनाची गरज नाही. बारा आणि सहाच्या जागी धरून चाक हलत असेल तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट बघा. रॅकचा दांडाच वरखाली हलत असेल तर रॅकचा बुश (दांड्याला आधार देणारं कडं) गेलेला आहे, आणि ते काम वेगळं. बूट उघडल्यावर आत तेल साचलेलं दिसलं तर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) रॅकचं सील गळतंय. अशा रॅकला नवा रॅक एंड लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

साधनाची रचना साधी आहे. जाड नळीच्या तोंडाशी तीन रोलर असतात आणि मागच्या टोकाला अर्ध्या इंची रॅचेटसाठी चौकोनी भोक. नळी फिरवली की रोलर उतारावरून आत सरकतात आणि रॅक एंडच्या गोल अंगाला धरतात. जेवढा जोर वाढतो तेवढी पकड घट्ट होते. पकड दोन्ही दिशांना चालते. म्हणून ज्या रॅक एंडवर पाना बसायला चपट्या बाजूच नाहीत, नुसतं गुळगुळीत गोल अंग आहे, तिथे याला पर्याय फार कमी. चपट्या बाजू असतील तर चकतीसारखे उघड्या तोंडाचे अडॅप्टर असलेला संच तितकाच चालतो आणि अंगावर खुणाही कमी पाडतो. पण त्यात नेमकी आपल्या मापाची चकती लागते. नसली तर संच कपाटातच पडून राहतो.

खरेदीत दोन मापं चुकतात. पहिलं, अंगाचा व्यास. हे पाने बहुधा 30 ते 35 आणि 35 ते 45 मिलिमीटर अशा दोन आकारांत मिळतात. बूट मागे सरकवून व्हर्नियरने जाड भाग मोजा, अंदाजाने ठरवू नका. आपलं माप पान्याच्या कक्षेच्या मधोमध पडलं तर पकड उत्तम. अगदी कडेला पडलं तर रोलर शेवटपर्यंत सरकून घसरू शकतात. दुसरं माप बरेच जण घेतच नाहीत: नळीची खोली. जाड अंगापासून दांड्याच्या टोकापर्यंतची लांबी नळीत मावली पाहिजे. दांडा नळीपेक्षा लांब निघाला तर रोलर जोडापर्यंत पोचतच नाहीत. दांडा वाकडा असेल तर तो सरळ नळीत शिरणार नाही, हेही आधीच बघून ठेवा.

कामाची सुरुवात टाय रॉड एंडपासून होते. लॉकनट (टाय रॉड एंडला दांड्यावर घट्ट धरणारा नट) आधी पाव फेरी सैल करून घ्या, चाकाकडची बाजू अजून बांधलेली असते तेव्हाच तो सोपा जातो. स्प्लिट पिन काढा, नट शेवटच्या आट्यांपर्यंत सैल करा आणि निमुळता जोड पुलरने सोडवा. फाट्याची पहार ठोकली तर टाय रॉड एंडचं रबर फाटतं, आणि तोच भाग परत लावायचा असतो. टाय रॉड एंड काढताना फेऱ्या मोजून कागदावर लिहा. नवा रॅक एंड लांबीला थोडा वेगळा असू शकतो, म्हणून फेऱ्यांबरोबर दोन्ही बॉलच्या मध्यांमधलं अंतरही पट्टीने मोजून ठेवा. मग लॉकनट आणि बूट काढा. बुटाचा आतला पट्टा एकदाच वापरायचा असतो, तो कापून टाका.

आता जोडाला कशाची अडवण आहे ते नीट बघा. कुठे टॅब असलेलं वॉशर दुमडलेलं असतं, कुठे कडेचा पत्रा रॅकच्या खाचेत ठोकलेला असतो, कुठे पिन असते, तर कुठे नुसता थ्रेडलॉक, म्हणजे आटे चिकटवणारा द्रव. टॅब किंवा ठोकलेली कड छिन्नीने उलगडल्याशिवाय जोर लावला तर रॅकचे आटे सोलवटतात, आणि मग पूर्ण रॅकच बदलावा लागतो. पाना कितीही चांगला असला तरी ही चूक तो सावरू शकत नाही.

अंगावरचं ग्रीस ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. रोलर घसरण्याच्या तक्रारींत बहुतेक वेळा कारण हेच असतं. नळी चढवल्यावर डाव्या हाताने ती उचलून रॅकच्या रेषेत धरा. तिच्या वजनाने तोंड खाली झुकलं तर एकच रोलर कडेला चावतो आणि अंगावर खड्डा पडतो.

जोर लावताना रॅकही गोल फिरू पाहतो आणि तो सगळा भार पिनियनच्या, म्हणजे रॅक सरकवणाऱ्या गिअरच्या, दातांवर जातो. रॅकच्या टोकाजवळ पान्यासाठी चपट्या बाजू दिलेल्या असतील तर दुसऱ्या पान्याने तिथे धरा. हायड्रॉलिक रॅकच्या चकचकीत गोल भागाला मात्र पाना किंवा पकड लावू नका. तो भाग सीलवर घासत जातो; एक ओरखडा पडला तरी तेल गळायला लागतं. स्टिअरिंग एका बाजूला टोकापर्यंत वळवून त्या अडणीच्या भरवशावर जोर लावणंही चूक. हवा किंवा बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन तर या पान्याला लावूच नये. धक्क्यांनी रोलरची घरं खराब होतात, आणि रॅकच्या आत काय तुटतंय ते बाहेरून दिसतही नाही.

आवळताना या साधनाचा खरा फायदा दिसतो. नळी रॅकच्या सरळ रेषेत असल्यामुळे टॉर्क रेंचवर (ठरवलेला जोर लागला की टक्क वाजणाऱ्या पान्यावर) लावलेला आकडा जसाच्या तसा जोडापर्यंत पोचतो. उघड्या तोंडाचा अडॅप्टर रेंचच्या पुढे सरळ काढून लावला तर जोर लावणाऱ्या दांड्याची लांबी वाढते आणि प्रत्यक्षात जास्त आवळलं जातं. तिथे हिशेब करावा लागतो किंवा अडॅप्टर काटकोनात लावावा लागतो. आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. बऱ्याच गाड्यांत तो 70 ते 100 न्यूटन मीटरच्या आसपास असतो, पण सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. वॉशर असेल तर नवंच लावा. आट्यांवर कारखान्यातूनच थ्रेडलॉकचा लेप आला असेल तर तो पुसू नका.

एक धोका मात्र या पान्याच्या रचनेतच आहे. रेंच टक्क वाजली की रोलर अंगावर रुतलेले असतात आणि नळी हाताने निघत नाही. ती सुटण्यासाठी उलट्या दिशेला किंचित फिरवावी लागते. रोलर मोकळे झाले की लगेच थांबा. तशीच पुढे फिरवली तर रोलर दुसऱ्या बाजूने चावतात आणि नुकताच मोजून आवळलेला जोड सैल होतो. हाताला हा फरक पटकन कळत नाही. म्हणून आवळून झाल्यावर, नळी सोडवण्याआधी, तिच्या तोंडापुढे रॅक एंडची कड दिसत असेल तर तिथून रॅकपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. कड नळीत झाकली जात असेल तर पाना काढून रेघ ओढा, पुन्हा चढवा, रेंचने एकदा तपासा. रेघ तुटली नाही तर जोड जागचा हललेला नाही.

रोलरच्या खुणा नव्या अंगावर थोड्या उमटतातच. त्याने बिघडत नाही, पण पातळ अंगाच्या रॅक एंडवर जोर वाढवत गेलं तर अंग चेपून बॉल जड होतो. आवळून झाल्यावर दांडा सगळ्या दिशांना फिरवून बघा. नवा बॉल घट्ट असतोच, पण फिरताना कुठेही अडकता कामा नये. पान्याच्या दर्जात फरक पडतो तो रोलर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंग आणि सर्क्लिपमध्ये (खाचेत बसणाऱ्या गोल कडीमध्ये). हलक्या पान्यात सर्क्लिप निसटते आणि रोलर खाली गळतात. घेताना नळी उलटी करून हलवा आणि तिन्ही रोलर सारखेच सरकतात का ते बघा. वर्षातून एकदाच लागणारं साधन असेल तर भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणलेलं पुरतं.

बूट चढवताना लहान क्लिपच्या जागी दांड्यावर ग्रीसचं बोट फिरवा. पुढे टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, जुळवताना दांडा फिरतो, आणि बूट दांड्याला चिकटलेला असेल तर तोही पिळवटून लवकर फाटतो. लॉकनट आवळण्याआधी बुटाच्या घड्या सरळ आहेत ना ते बघा. अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय गाडी रोज वापरू नका. 1.5 मिलिमीटर पिचच्या आट्यांवर पूर्ण एक फेरी म्हणजे दांड्याच्या लांबीत दीड मिलिमीटरचा फरक. स्टिअरिंग आर्म (टाय रॉड एंड ज्याला जोडलेला असतो तो चाकाकडचा दांडा) 130 मिलिमीटरचा धरला तर त्या एका चाकाचा कोन सुमारे 0.66 अंशांनी, म्हणजे जवळपास 40 मिनिटांनी (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट) बदलतो. फेऱ्या कितीही काळजीने मोजल्या तरी त्या गाडी अलाइनमेंटच्या यंत्रापर्यंत हळू चालवत नेण्यापुरत्याच असतात.