नाव गावच्या यादीत की मुंबईच्या?

गोरेगावात स्थिरावलेल्या माझ्या भाच्याला मतदार यादीतले आपले नाव बीडलाच ठेवावे की मुंबईत आणावे, हा प्रश्न पडला आहे. गावी मतदान करायचे म्हणजे रात्रभराचा एसटीचा प्रवास आणि दोन्ही वेळचे भाडे. मुंबईसाठी मात्र एकदा नमुना ८ (मतदार यादीतला पत्ता बदलण्याचा अर्ज) भरला आणि पडताळणी झाली, की घराजवळचे केंद्र मिळते. राहिला प्रश्न मताच्या वजनाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा: २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीडचा निकाल ६,५५३ मतांनी लागला, तर ज्यात गोरेगाव मोडते त्या मुंबई उत्तर-पश्चिमचा अवघ्या ४८ मतांनी, म्हणजे एका चाळीतल्या मतदारांहूनही कमी. शिवाय कायद्यालाही नाव नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणीच हवे असते. ज्याचा संसार आजही गावात आहे त्याने ते तिथेच ठेवावे. भाच्याने मात्र हलवावे.