निपाणीहून विमान धरायचे तर सांबरा की उजळाईवाडी?

निपाणी-चिकोडीकडच्या माणसासमोर दोन विमानतळ आहेत: बेळगावचा सांबरा आणि कोल्हापूरचा उजळाईवाडी. आपण कर्नाटकात, म्हणून बरेचजण सवयीने सांबऱ्याचेच तिकीट बघतात. त्यापेक्षा तास मोजावेत.

मुंबईचा हिशेब सोपा आहे. सरळ रेषेत उजळाईवाडीहून मुंबई सुमारे ३१० किलोमीटर, सांबऱ्याहून ४००. शिवाय निपाणीहून उजळाईवाडी रस्त्याने ४० किलोमीटरच्या आसपास. कोगनोळी टोलनाका, कागल, गोकुळ शिरगाव, की आलाच विमानतळ. कोल्हापूर शहरात शिरावेच लागत नाही. सांबऱ्याला मात्र हत्तरगी टोलनाका ओलांडून ७५ किलोमीटरवर बेळगाव, मग शहरातली गर्दी पार करून बागलकोट रस्त्याने आणखी दहा किलोमीटर. इथे तुलना करण्यासारखे काही उरत नाही.

गंमत बेंगळुरूची आहे. बेंगळुरू दक्षिणेला, म्हणून आधी उत्तरेला कोल्हापूरला जाणे उलटे वाटते. हवाई अंतरही तसेच सांगते: सांबऱ्याहून सुमारे ४४५ किलोमीटर, उजळाईवाडीहून ५३०. पण पंख्याचे एटीआर विमानसुद्धा ताशी ५०० किलोमीटरच्या घरात उडते. म्हणजे हे जादाचे ८५ किलोमीटर दहा मिनिटांत संपतात, जेट असेल तर त्याहून लवकर. रस्त्यावर वाचणारे ४०-४५ किलोमीटर मात्र शहरातल्या सिग्नलसकट पाऊण-एक तासाचे. तेव्हा सोयीच्या वेळेचे उड्डाण मिळत असेल, तर निपाणीकराने बेंगळुरूलाही कोल्हापूरहूनच जावे.

हे गणित निपाणी-बेळगाव रस्त्यावरच्या संकेश्वरला येऊन फिरते. तिथून दोन्ही विमानतळ साधारण सारख्याच अंतरावर, त्यामुळे ज्याचे तिकीट स्वस्त तो आपला. खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्यांनी कोल्हापूरचा विचारही करू नये. दिल्लीसारख्या लांबच्या प्रवासाला बेळगावकर गोव्याचे मोपा बघतात, कारण तिथे उड्डाणे भरपूर. पण पावसाळ्यात घाटरस्त्याला हातात बराच जादा वेळ ठेवूनच निघावे.

अंतरापेक्षा मोठी अडचण वेळापत्रकाची. दोन्हीकडे उड्डाणे मोजकी, काही रोज नसतात, आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलते. छोटी शहरे विमानाने जोडण्याच्या ‘उडान’ योजनेतले सरकारी साहाय्य एका मार्गाला तीन वर्षेच मिळते. ते संपल्यावर कंपनीला परवडले नाही तर मार्ग बंद पडतो. म्हणून गेल्या वर्षी शेजारचा कुणी गेला होता, या भरवशावर लग्नाची तारीख धरू नका.

बेंगळुरूचे विमानतळ देवनहळ्ळीला आहे, तिथून शहरात यायला तास-दीड तास. घर सोडल्यापासून मॅजेस्टिकला, म्हणजे शहराच्या मध्यभागी, पोचेपर्यंत सहा तास कुठे गेले नाहीत. बेळगावहून रात्रीची रेल्वे झोपेत थेट मॅजेस्टिकजवळ सोडते, म्हणून सकाळचे काम असेल तर माझे मत रेल्वेला. मुंबईला कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस हेच करते. त्याच दिवशी परतायचे असेल किंवा सोबत आजारी माणूस असेल, तर विमानाचे पैसे वसूल.

टॅक्सी केए पासिंगची असेल तर महाराष्ट्रात शिरण्याचा परवाना आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते आणि कोगनोळीला घातलेला वाद त्याच तासातून वजा होतो.