भुसावळजवळचा कुत्र्यांच्या पाण्यातल्या उडीचा क्लास, आमचा अनुभव

आमच्या शेरूला (लॅब, 2 वर्षांचा) घेऊन तीन रविवार गेलो, केळीच्या बागेतलं शेततळं आहे अन् काठावर लाकडी फलाट बांधलाय. स्पर्धेतला डॉक (उडीचा फलाट) 40 फूट लांब असतो, पाण्यापासून 2 फूट उंच, म्हणून मी पहिल्याच दिवशी शेरूला पार मागच्या टोकाला बसवलं. पोरगं जोरात आलं अन् काठाशी येऊन ब्रेकच मारला, नखं फळीवर खरडली. ट्रेनर भाऊ म्हणे "दादा, 15 फुटांवर आणा." तिथून सोडला तर मागचे दोन्ही पाय बरोबर काठावर पडले आणि काय उडाला! दर उडीला भाऊ मागच्या पायांची जागा खडूने मार्क करतात आणि बसायची जागा फूटभर मागेपुढे करतात, घाई अजिबात नाही. उडी मोजतात फलाटाच्या काठापासून शेपटीचं बूड पाण्याला लागतं तिथपर्यंत, हेही तिथंच कळलं.

बाहेर यायला मॅट टाकलेला उतार आहे हे लई महत्त्वाचं, तळ्याचा प्लास्टिक कागद भयंकर घसरतो. फक्त फलाटावर पण मॅट टाका राव, मे महिन्यात फळी तापते, सकाळी 7 चीच बॅच घ्या.