रिठ्याचे घरगुती द्रावण: तीन महिन्यांच्या वापरानंतर

मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेला अर्धा किलो रिठा तीन महिने कपडे धुण्यासाठी वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. बिया काढलेली १५ टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी २० मिनिटे उकळली, कुस्करली आणि गाळली की तपकिरी, काहीसे आंबूस वासाचे द्रावण तयार होते. टरफलातील सॅपोनिन या नैसर्गिक द्रव्यामुळे त्याला फेस येतो आणि मळ सुटतो. गाळताना डोळ्यात उडाल्यास भयंकर झोंबते, हे मी स्वानुभवाने सांगतो. रेशमी साड्या आणि लोकरी शालींसाठी मी आता दुसरे काही वापरणार नाही, कारण सोडा असलेल्या पावडरीतील अल्कली या धाग्यांना सोसत नाही. शिवाय बोअरच्या जड पाण्यातही साबणासारखा चिकट साका कपड्यांवर बसत नाही. पांढऱ्या सुती सदऱ्यांच्या बाबतीत मात्र निराशा झाली: कॉलरचा मळ आणि तेलकट डाग तसेच राहिले, आणि बाजारातील पावडरीमध्ये असणारी चमक देणारी द्रव्ये यात नसल्यामुळे कपडे हळूहळू मंद दिसू लागले. द्रावण फ्रिजबाहेर चार दिवसांत आंबते, म्हणून थोडेच करावे. दुकानदाराने रिठा बियांसकट तोलून दिला, ही तक्रार वेगळीच.