गुरांची वैरण सांगून मका टाकतात आणि हरणाची शिकार विकतात, इलिनॉयमधल्यांनी जपून

इलिनॉयमध्ये कुणी पैसे घेऊन हरणाच्या शिकारीसाठी शेत देत असेल आणि "आमच्याकडे गुरं आहेत, त्यामुळे इथे मका पडलेला चालतो, कायद्यात सूट आहे" असं सांगत असेल तर एक डॉलरही पाठवायच्या आधी हे वाचा. आमचे १२०० डॉलर गेले, सीझन गेला, आणि वेळेत कळलं म्हणून बरं, नाहीतर दंडाचं तिकीट आमच्या नावावर फाटलं असतं आणि तो माणूस नामानिराळा राहिला असता.

मी शिकागोच्या सबर्बमध्ये राहतो. माझा एक नांदेडचा मित्र ह्यूस्टनहून इकडे आला, शिकारीचा नाद त्याला तिथेच लागलेला. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर टायमरवाला फीडर, म्हणजे दाणे टाकायचं यंत्र, लावून मका उधळणं अगदी रोजचं, कुणी काही म्हणत नाही. इलिनॉयमध्ये मात्र मका, मीठ, मिनरल ब्लॉक (जनावरांनी चाटायची क्षारांची वीट), काहीही खायला टाकून हरणाला बोलवायचं आणि मारायचं हा सरळ गुन्हा आहे, साधं पाणी तेवढं सोडून. आणि आमिष उचललं की झालं असंही नाही, उचलल्यानंतर सलग १० दिवस ती जागा आमिषाचीच धरतात. हे आम्हाला माहीत होतं म्हणूनच जाहिरात देणाऱ्या शेतमालकाला फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला की बाबा, मका वगैरे टाकत नाही ना. त्यावर तो एकदम ठाम, म्हणाला हे चालू कॅटल फार्म आहे, जो मका दिसेल तो गुरांचा आहे, लाइव्हस्टॉकला एक्झेम्प्शन आहे, निवांत या. तेच त्याने टेक्स्टवर पण लिहून दिलं. मग झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायचं ॲप) पैसे पाठवले आणि त्या काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, शिकारीचं परमिट काढलं.

सीझनच्या आधी जागा बघायला गेलो तेव्हा खरा प्रकार समोर आला. माझं लहानपण सांगली जिल्ह्यात गोठ्यात गेलंय, गुरं जिथे खातात ती जमीन मला कुणी दाखवायला लागत नाही. गव्हाणीभोवती चिखल तुडवून तुडवून काला झालेला असतो, शेण असतं, वास असतो, अंग घासून खांब गुळगुळीत झालेले असतात, तारेला केस अडकलेले असतात. इथे लोखंडी गोल फीडर होता पण गंजलेला आणि त्याच्या आतून गवत वर आलेलं, वाळल्या चाऱ्याची एक काडी नाही. पाण्याच्या टाकीत पाला. कुंपणाचं गेट उघडंच बांधून ठेवलेलं, म्हणजे गुरं असती तर केव्हाच रस्त्यावर गेली असती. आणि फीडरच्या एका बाजूला सोललेल्या मक्याचा ताजा ढीग, शेजारी मिनरल ब्लॉक, चाटून चाटून मधे खळगे पडलेला. मातीत खुरं फक्त हरणांची, लहान, टोकदार. शिकारीला बसायचा ब्लाइंड तिथून तीसेक पावलांवर आणि त्याची खिडकी बरोब्बर त्या ढिगाकडे.

गुरं कुठायत विचारलं तर म्हणाला दुसऱ्या चराईच्या कुरणाला नेलीत. मित्राने मिनरल ब्लॉककडे बोट दाखवलं तेव्हा म्हणे, टेन्शन घेऊ नका, सीझनच्या आदल्या रात्री मी सगळं उचलतो, मग सगळं लीगल. १० दिवसांचा नियम त्याला माहीत नसेल यावर माझा काडीचाही विश्वास नाही, कारण त्या एक्झेम्प्शनचे शब्द त्याला तोंडपाठ होते.

तिथून निघाल्यावर आम्ही त्या काउंटीच्या कॉन्झर्वेशन पोलीस ऑफिसरला (शिकारीचे आणि वन्यजीवांचे कायदे बघणारा पोलीस) फोन लावला आणि त्याने जे समजावलं ते नीट समजून घ्या, कारण फसवणूक नेमकी याच फटीत आहे. इलिनॉयमध्ये दोन वेगळे नियम आहेत. एक, जंगली हरणांना खायला घालायचं नाही, वर्षभर, शिकार करा नाहीतर नका करू. त्यात काही अपवाद आहेत, खऱ्याखुऱ्या चालू पशुपालनात गुरांना टाकलेलं हरणांनी येऊन खाल्लं तर शेतकऱ्याला दोषी धरत नाहीत, किंवा नेहमीच्या शेतीकामात, कापणीत वगैरे, दाणे सांडले तर. दुसरा नियम शिकारीचा, आमिषावर हरीण मारायचं नाही. हा माणूस पहिल्या नियमातला अपवाद उचलून दुसऱ्यावर चिकटवत होता आणि त्या अपवादासाठी लागणारी गुरं पण त्याच्याकडे नव्हती! ऑफिसर म्हणाला खरी गुरं असलेल्या शेतात सुद्धा वैरणीच्या ढिगाजवळ बंदूक घेऊन बसायच्या आधी आम्हाला विचारा. तो स्वतः जागेवर गेला, फोटो काढले, आमचे टेक्स्ट मागून घेतले, आणि आम्हाला स्पष्ट सांगितलं की या जागी बसू नका.

त्यानंतर त्या माणसाने आम्हाला ब्लॉक केलं. बँकेने हात वर केले, झेलने तुम्ही स्वतःच पाठवलेत म्हणे, परत येत नाहीत. परमिटचं तर आणखी वाईट, फायरआर्मचं, म्हणजे बंदुकीने शिकारीचं, परमिट काउंटीपुरतंच असतं, त्यात सीझन दोनच तुकड्यांत, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा सण) आधीचा शुक्रवार ते रविवार आणि मग थँक्सगिव्हिंगच्या पुढच्या आठवड्यातला गुरुवार ते रविवार. एवढ्या कमी वेळात त्याच काउंटीत दुसरा कोण शेतकरी परवानगी देणार? परमिट तसंच पडून राहिलं.

पैशापेक्षा मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ही आमिषबंदी कुणाची मजा घालवायला केलेली नाही. हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग आहे, मेंदू पोखरला जातो, जनावर वाळत जातं, लाळ गाळतं आणि मरतं, औषध नाही, लस नाही. इलिनॉयमध्ये तो २००२ मध्ये सापडला, विस्कॉन्सिनच्या सीमेजवळ, आणि विस्कॉन्सिनमध्ये पण त्याच वर्षी. हा पसरतो लाळेतून, लघवीतून, आणि तो ज्याने होतो ते प्रियॉन, म्हणजे बिघडलेली प्रथिनं, मातीत वर्षानुवर्षं टिकतात, मांस शिजवून पण जात नाहीत. एरवी रानभर पांगून चरणारी हरणं एका ढिगाला रोज तोंड लावायला लागली की काय होणार सांगा. तो चाटलेला मिनरल ब्लॉक माझ्या डोळ्यासमोरून जात नाही, त्याच ब्लॉकला किती तोंडं लागली असतील आणि त्यातलं एक जरी आजारी असलं तर! आणि हा माणूस ते हजार-बाराशे डॉलरला विकतोय, त्यातलं मांस लोक घरी नेऊन मुलाबाळांना खायला घालणार.

तर पैसे देण्याआधी स्वतः जाऊन बघा, तेही फीडरपाशी, घरापाशी नाही. गुरं डोळ्यांनी दिसली पाहिजेत, फोटोत नाही. पैसे घेऊन शिकार घडवणाऱ्या आउटफिटरला इथे डीएनआरचं (राज्याचं निसर्गसंपत्ती खातं) परमिट लागतं, ते मागा, टाळाटाळ केली की तिथेच थांबा. जे काही तोंडी सांगतो ते टेक्स्टवर घ्या, आमच्याकडे त्याचे मेसेज होते म्हणून ऑफिसरला सगळं लगेच समजलं. शेजारच्या राज्यात जात असाल तर तिथला नियम वेगळा बघा, इंडियानात पण १० दिवसच आहेत पण ते आमिष आणि त्याखालची माती दोन्ही काढल्यानंतर मोजतात, विस्कॉन्सिनमध्ये काउंटीनुसार बदलतं. आणि शंका आली तर शेतमालकाला विचारत बसू नका, त्या काउंटीच्या कॉन्झर्वेशन पोलिसाला फोन करा, आम्ही केला तर त्याने एकही प्रश्न उडवून लावला नाही. त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे, फोटो बदललाय, आता त्यात दोन गायी उभ्या आहेत.