मुरूड ते गणपतीपुळे सायकलवर: चार फेरीबोटींचा रिव्ह्यू

कोकणात सायकल चालवायची म्हणलं की लोक रस्त्याबद्दल विचारतात, खड्डे किती, चढ किती, ट्रॅफिक किती. मी रिव्ह्यू लिहितोय फेरीबोटींचा, कारण चार दिवस चालवून आल्यावर माझं मत असं झालंय की हा रस्ता जो काही शांत आहे तो या बोटींमुळेच शांत आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री. या चार ठिकाणी डांबर पाण्यात जातं आणि पुढचं सगळं बोटीच्या हातात. ज्याला लवकर पोचायचंय तो गपचूप हायवे धरतो, सगळे कंटेनर, एसट्या, लक्झरी तिकडे आत सह्याद्रीच्या बाजूला, आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर उरतात गावातल्या दुचाक्या, रिक्षा, मासळीचा एखादा टेम्पो आणि आपण.

सायकलला बोटीत घेतात का? घेतात, चारही ठिकाणी घेतली, काही पॅक करायला नाही, चाक काढायला नाही, ढकलत न्यायची आणि कडेला कठड्याला टेकवायची. तिकीट एकदम किरकोळ. एका खिडकीवर मात्र आतला माणूस दोन मिनिटं विचारात पडला की हिला मोटारसायकल धरू का सामान धरू, शेवटी "ऱ्हावदे, तुमचं एकट्याचं द्या" म्हणाला.

आधी गाड्या चढतात, मग दुचाक्या, मग आपण, आणि उतरतानाही हाच क्रम ठेवा. म्हणजे सगळ्यात शेवटी उतरा. हे मी पहिल्या बोटीला केलं नाही, शहाणपणा करून पहिला बाहेर पडलो आणि मागून अख्खी बोट रिकामी होऊन माझ्याच मागे चढावर आली, कारण जेट्टी संपली की चढ असतो म्हणजे असतोच. पाच मिनिटं थांबलात तर सगळ्या गाड्या पुढे निघून जातात आणि पुढची बोट लागेपर्यंत रस्ता अक्षरशः तुमच्या एकट्याचा. ही युक्ती चारही ठिकाणी चालली.

आता पडलो ते सांगतो. कुठली जेट्टी ते सांगत नाही, कारण चूक निम्मी माझीच होती. ओहोटी होती. ओहोटीला पाणी खाली जातं तसा उताराचा एरवी बुडालेला भाग उघडा पडतो, त्यावर हिरवं बुळबुळीत शेवाळ, आणि माझ्या पायात रोड सायकलचे बूट, तळाला क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे प्लास्टिकचे तुकडे. दोन पावलं नीट गेली, तिसऱ्याला मी खाली आणि सायकल माझ्या उजवीकडे, गिअरच्या बाजूवर. वरून एक काका ओरडले, "ओ सायकलवाले, चपला नाय काय?" मला काही लागलं नाही पण हँगर वाकला, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो धातूचा तुकडा, सगळ्यात मोठ्या दातेरीवर चेन जाईना, आणि पुढचा चढ म्हणजे साहजिकच चालत. तिथे रेती टाकायला किंवा शेवाळ खरवडायला काय जातं देव जाणे, स्कूटरवाल्या बायकासुद्धा जीव मुठीत धरूनच उतरत होत्या. तर चपला ठेवा बॅगेत, आणि एक जास्तीचा हँगर. तुमच्याच मॉडेलचा हँगर वाटेत मिळणं कठीण.

त्याच काकांनी मग भरतीचं गणित सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि सहा तास पुढे-मागे ओहोटी. मी मोबाईलवर ताडून बघितलं, बऱ्यापैकी जमतं. म्हणजे कालनिर्णय बघून राईड प्लॅन करायची वेळ आली.

चौघांत दाभोळची फेरी सगळ्यात भारी वाटली. ती नसती तर दापोली, खेड, चिपळूण करत शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा, आणि इथे दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. जेट्टीजवळ जुनी दगडी मशीद आहे, बोट यायला वेळ असेल तर सावलीला बरं पडतं. पलीकडे वर आलं की लोक रस्ता सांगताना अजून "एन्रॉनच्या पुढून" असंच सांगतात, कंपनी जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

रस्त्यांमध्ये दिवेआगर ते श्रीवर्धन, आरावी-शेखाडीवरून, हा पट्टा कितीही वेळा चालवीन. समुद्र उजव्या हाताला इतका जवळ की लाटेचा आवाज टायरच्या आवाजात मिसळतो. पण बुधवारी. शनिवारी इथेच ड्रोन उडवणारी मंडळी रस्त्यात आडवी गाडी लावून उभी असतात, आरे-वारेचंही तेच. हेदवी ते तवसाळ सगळ्यात सामसूम, तासाभरात दोन गाड्या दिसल्या आणि त्यातली एक पोस्टमनची. जयगडला उतरल्यावर मात्र थोडं जपून, पोर्ट असल्यामुळे अवजड गाड्या लागतात, मालगुंडकडे वळलं की पुन्हा निवांत.

किनारा म्हणजे सपाट असा ज्यांचा समज आहे त्यांनी गिअर बघून या. प्रत्येक खाडीपाशी रस्ता शून्यावर येतो, मग सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर चढतो, पुन्हा खाली गावात, पुन्हा वर. चढ लांब नाहीत पण उभे आहेत, मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरीला बत्तीस-चौतीस दात असले तर गुडघे दुवा देतील. आणि सड्यावर झाड नाही. घाम वाळतच नाही हवेत, नुसता गळत राहतो, दहानंतर मी दर अर्ध्या तासाला बाटली संपवत होतो. मी सव्वासहाला निघायचो, तेव्हा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा असतो, गार, आणि अकराच्या आसपास वारा फिरतो, समुद्राकडून येतो, थोडा वायव्येचा. म्हणूनच उत्तरेकडून दक्षिणेकडे चालवा, दुपारी तोच वारा पाठीत बसतो. उलट दिशेने येणारा एक सायकलवाला वेळणेश्वरला भेटला, त्याचं तोंड बघूनच कळलं.

तक्रारी दोन. बोटीच्या वेळांचा बोर्ड असतो पण गाड्या भरल्याशिवाय बोट हलत नाही, एकदा पाऊण तास उन्हात थांबलो, बसायला धड शेड नाही. आणि बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट, तो विषयच काढू नका, माझ्याबरोबरच्या मैत्रिणीने जेट्टीपेक्षा गावातल्या एका घरात विचारणं पसंत केलं आणि त्या वहिनींनी वर कोकम सरबत पाजलं.

रेवस-रेडी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल व्हायचेत. झाले की गावच्या लोकांचं भलं होईल, रात्री पेशंट घेऊन बोटीची वाट बघणं काही गमतीचं नाही, त्यामुळे पूल नकोत असं मी म्हणणार नाही. पण ज्यांना हा रस्ता आत्ताचा असा चालवायचाय त्यांनी फार वर्षं पुढे ढकलू नये.

मी पाचात चार देतो, एक शेवाळाचा कापला. आणि हो, घरी आल्यावर सायकल त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा. मी "उद्या बघू" म्हणून झोपलो, सकाळी चेन नारिंगी.