कनेक्शन पूल कोडमध्ये ठेवावा की पीजीबाउन्सरकडे सोपवावा?

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे स्वतंत्र प्रोसेस उभी राहते, त्यामुळे पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, हवा की नको हा वाद उरत नाही. तो कोठे ठेवायचा, ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये की डेटाबेसच्या आधी बसणाऱ्या पीजीबाउन्सर या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, एवढेच ठरवायचे असते. यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगच्या काट्यावर काटापट्टी छापणारे वेब ॲप्लिकेशन मी सांभाळतो, आणि तेथे दोन्ही पद्धतींनी कापसाचा एकेक हंगाम काढला आहे.

पहिल्या हंगामात एसक्यूएलअल्केमीचाच, म्हणजे कोडमधून डेटाबेसशी बोलणाऱ्या पायथन लायब्ररीचाच, पूल होता. त्याची मूळची मर्यादा ५ आणि वरकड १० अशी १५ कनेक्शनांची असली, तरी ती दर प्रोसेसला लागू होते, हे दिवाळीनंतर आवक वाढली तेव्हा लक्षात आले. चार वर्करांचे (ॲप्लिकेशनच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसांचे) ६० होतात, सातांचे १०५, आणि पोस्टग्रेस मुळात १०० वरच थांबते. शिवाय लाइन जाऊन आली आणि डेटाबेस पुन्हा सुरू झाला, की पुलातली मेलेली कनेक्शने पहिल्याच गाडीच्या पट्टीला आडवी येत. ‘पूल प्री पिंग’, म्हणजे वापरण्याआधी कनेक्शन जिवंत आहे का हे पाहणारी सोय, सुरू केल्यावर तो त्रास थांबला. आपल्या भागात तो पहिल्या दिवसापासूनच सुरू असावा.

पीजीबाउन्सरमध्ये सगळ्या वर्करांना एकच पूल असल्याने हा गुणाकार सुटतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र खरी बचत ट्रान्झॅक्शन मोडमध्येच, म्हणजे एकेक ट्रान्झॅक्शन संपताच कनेक्शन दुसऱ्याला देण्याच्या पद्धतीतच, होते, आणि माझे घोडे तेथेच अडले. पट्टीचे क्रमांक न तुटता लागावेत म्हणून मी सेशनच्या पातळीवर, म्हणजे कनेक्शन असेपर्यंत टिकणारा, ॲडव्हायझरी लॉक (एका वेळी एकानेच पुढे जावे म्हणून कोडने मागून घेतलेले कुलूप) घेत असे. आता लॉक एका कनेक्शनवर लागे, मध्ये कमिट झाले, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्के होऊन संपले, की ते कनेक्शन दुसऱ्याच्या हाती जाई, आणि लॉक सोडण्याची आज्ञा भलत्याच कनेक्शनवर पोचे. पोस्टग्रेस त्यावर एररही देत नाही. हा लॉक तुमच्याकडे नाही, अशा अर्थाचा इशारा देऊन मोकळे होते. इकडे वजन पडद्यावर आलेले, पट्टी मात्र निघत नाही, आणि ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेलेली. घरी तपासताना हे कधीच दिसले नव्हते, कारण वापरणारा एकटाच असला की बहुधा तेच कनेक्शन पुन्हा हाती येते.

चूक माझ्या कोडचीही होती. ट्रान्झॅक्शनबरोबर आपोआप सुटणारा लॉक वापरला असता, तर हे घडले नसते. तरीही ‘सेट’ (सेशनपुरती सेटिंग बदलणे) आणि ‘लिसन’ (डेटाबेसच्या सूचना ऐकत राहणे) यांच्यासारख्या ज्या ज्या गोष्टी सेशनवर विसंबतात, त्या साऱ्या हुडकून काढण्याचे काम मागे लागतेच.

अनेक सर्व्हरांवरची ॲप्लिकेशने एकाच डेटाबेसवर येत असतील, तर पीजीबाउन्सरला पर्याय नाही असे मलाही वाटते. एकाच मशीनवर चालणाऱ्या आमच्या कामासाठी मात्र मी कोडमधल्या पुलाकडे परतलो आणि वरकड मर्यादा १० वरून २ वर आणली. सात वर्करांचे ४९ होतात, आणि उरलेल्या जागेत रात्रीच्या हिशेबाची स्क्रिप्टही बिनघोर चालते.